एंजिनाचा कारभारी

मोटारीच्या एंजिनास तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. त्यांपैकी हवा ते स्वतःच ओढून घेते. पेट्रोल किती द्यावयाचे आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडावयाची, हे मात्र दुसऱ्या कोणास तरी ठरवावे लागते. हा दुसरा कोण असावा, याच प्रश्नाभोवती मोटारीच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण फिरत आलेले आहे. आरंभी ते काम बरेचसे चालकच करीत असे. सुकाणूचक्रापाशी बसविलेली एक लहानशी दांडी पुढेमागे सरकवून तो ठिणगीची वेळ बदली, आणि चढावर एंजिन कण्हू लागले की कानाने ओळखून दांडी मागे घेई. पुढे हे काम चालकाच्या हातून निघून स्प्रिंगा, वजने आणि बारीक छिद्रे यांच्याकडे गेले. आज ते एका बंद पेटीतील संगणकाकडे आहे. गॅरेजच्या भाषेत त्यास ‘ईसीयू’ म्हणतात.

ज्यास आपल्या गाडीचे एंजिन शर्यतीसाठी बदलून घ्यावयाचे आहे, त्याच्यापुढे हा कारखान्याने नेमलेला कारभारी ठेवावा की काढून दुसरा आणावा, हा प्रश्न लौकरच उभा राहतो. बाजारात अशा संगणकांची आता रेलचेल आहे. प्रश्न दिसावयास खरेदीचा. परंतु पहिला कारभारी त्या जागी कोणी आणि कशासाठी बसविला, हे ठाऊक असल्यावाचून दुसऱ्याची निवड डोळसपणे करता येत नाही, असे माझे मत आहे.

विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. आत शिरणाऱ्या हवेच्या ओढीनेच बारीक तोटीतून पेट्रोल वर यावे आणि तिच्यात मिसळावे, ही त्यामागील युक्ती. तिच्यातील सौंदर्य असे, की तीत हिशेब करणारे कोणीच नाही. हवा अधिक आली की पेट्रोल आपोआप अधिक येते. ठिणगीच्या बाबतीतही अशीच सोय झाली. अँबॅसडर किंवा जुनी फियाट ज्यांनी वापरली आहे, त्यांना ‘डिस्ट्रिब्यूटर’ हा शब्द परिचयाचा असेल. त्याच्या पोटात दोन लहान वजने असत. एंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फाकत आणि ठिणगी थोडी आधी पडे. ही व्यवस्था स्वस्त होती, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येण्याजोगी होती, आणि तिने जगातील मोटारी जवळजवळ पाऊण शतक चालविल्या. तिच्याविषयी हिणवून बोलण्याचे कारण नाही. तिची मर्यादा एवढीच, की तिला अगदी साधे नियम पाळता येत. वेग अमुक तर ठिणगी तमुक, इतकेच. एंजिनाची खरी गरज मात्र वेग, भार, उष्णता आणि हवेची घनता या सर्वांबरोबर पालटत असते.

विजेच्या साहाय्याने पेट्रोलाचे मोजमाप करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो फसला. बेंडिक्स या कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची योजना सिद्ध केली, आणि क्रायस्लर कंपनीने १९५८ च्या आपल्या काही गाड्यांवर ती बसवून दिली. अशा गाड्या सुमारे ३५ निघाल्या. त्या काळचे विद्युत् भाग एंजिनाजवळची उष्णता, दमटपणा आणि हादरे सोसण्यास समर्थ नव्हते. बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढविण्यात आले. कल्पना बरोबर होती, परंतु तिला पेलणारे सामान अद्याप जन्मास यावयाचे होते. बेंडिक्सच्या पेटंटांचे हक्क पुढे जर्मनीतील बॉश कंपनीकडे गेले.

येथे या कथेत लॉस एंजेलिस शहर येते, आणि तेही वेगाच्या नव्हे तर धुराच्या कारणाने. त्या शहरावर दाटणारे, डोळ्यांची आग करणारे तपकिरी धुके कशाचे, हे कोडे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञाने उलगडले. मोटारींतून निघणारे अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडून ते तयार होते, असे त्याने दाखवून दिले. पेट्रोलचे कारखानदार व मोटारींचे उत्पादक यांना हे निदान अर्थातच रुचले नाही. परंतु कॅलिफोर्नियाने कायदे केले, १९६७ साली हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले, आणि हागेन-स्मिट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९६८ च्या मॉडेलांपासून संपूर्ण अमेरिकेत धुरावर मर्यादा आल्या. त्या पाळावयाच्या तर पेट्रोलाचे माप अधिक काटेकोर हवे होते. १९६७ साली फोक्सवागेनच्या १६०० या गाडीवर बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ योजना बसली, ती या निकडीतून. यातील ‘डी’ म्हणजे जर्मन ‘द्रुक’, अर्थात दाब. एंजिनाच्या श्वासनलिकेतील दाब मोजावयाचा, वेग मोजावयाचा, आणि या दोहोंवरून पेट्रोलाची पिचकारी किती वेळ उघडी ठेवावयाची ते ठरवावयाचे. हे तत्त्व श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

पुढील दहा-बारा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. १९७६ साली अमेरिकेस जाणाऱ्या व्हॉल्व्हो गाड्यांच्या धुरनळीत प्राणवायू ओळखणारा एक संवेदक बसला. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, एवढेच हा संवेदक ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा भाषेत सांगे. धुर स्वच्छ करणारे उत्प्रेरक नेमक्या याच प्रमाणावर नीट काम करते, म्हणून कारखान्याचा संगणक सामान्य चालीत या आकड्यास अगदी चिकटून राहतो. दुसरी गोष्ट १९७९ ची. बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बॉशची ‘मोट्रॉनिक’ योजना आली, आणि पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा कारभार प्रथमच एका अंकीय संगणकाच्या हाती गेला. आता नियम वजनांत आणि स्प्रिंगांत राहिला नाही. तो आकड्यांच्या तक्त्यात गेला. आडव्या ओळीत वेग, उभ्या ओळीत भार, आणि त्यांच्या प्रत्येक छेदावर एक आकडा. हे आकडे उंची समजून रेखाटले तर डोंगरदऱ्यांच्या प्रदेशाचा नकाशा काढल्यासारखे चित्र दिसते, आणि या धंद्यात त्यास ‘मॅप’ म्हणजे नकाशाच म्हणतात. डिस्ट्रिब्यूटरची वजने फार तर एखादी सरळ चढण काढू शकत. संगणकास कडेकपारी काढता येऊ लागल्या.

हे सामर्थ्य शर्यतीत चटकन उतरले. १९८३ साली नेल्सन पिके याने ब्रॅबहॅम गाडीतून फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळविले. तिचे बीएमडब्ल्यू एंजिन अवघे दीड लिटरचे, पण टर्बोने हवा कोंबलेले, आणि त्याचा कारभार बॉशच्या अंकीय संगणकाकडे होता. टर्बोच्या एंजिनाने जिंकलेले ते चालकांचे पहिलेच विजेतेपद.

सामान्य गाडीवानाच्या दृष्टीने मात्र या प्रगतीत एक मेख होती. कार्ब्युरेटरची तोटी कोणासही बदलता येत असे. संगणकातील नकाशा कारखान्याने भरून, मोहोर लावून दिलेला. एंजिनात उंच उचलीचा कॅमशाफ्ट घाला, टर्बो बसवा, मोठ्या पिचकाऱ्या लावा. आतला कारभारी जुन्याच वहीप्रमाणे वाटप करीत राहणार. यावर दोन तोडगे निघाले. पहिला, वहीच बदलण्याचा : आरंभी संगणकातील स्मृतीची चिप काढून नवी बसवीत, आणि पुढे तारेने जोडून तोच मजकूर पुन्हा लिहू लागले. दुसरा तोडगा कारभाऱ्याच्या कानात खोटे सांगण्याचा. संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये एक लहान पेटी बसवावयाची. तिने हवेचे माप कमी किंवा अधिक करून सांगावयाचे, म्हणजे संगणक आपल्याला हवे तसे पेट्रोल देतो. यास ‘पिगीबॅक’ म्हणतात. मला हा मार्ग कधीच फारसा पटलेला नाही. पेट्रोल कमी द्यावे म्हणून हवा कमी सांगितली, तर भार हलका आहे अशी संगणकाची समजूत होते आणि तो ठिणगी आधी पाडतो. म्हणजे एका ठिकाणचे असत्य दुसरीकडे भलतेच फळ देते. शिवाय नवे संगणक संवेदकाच्या ‘होय-नाही’वरून शिकत असतात, आणि काही दिवसांनी आपल्याला दिलेला चकवा स्वतःच दुरुस्त करून टाकतात.

तिसरा मार्ग कारभारीच नवा नेमण्याचा, आणि त्याच्या इतिहासात ऑस्ट्रेलियाचे नाव ठळकपणे येते. १९८६ साली सिडनीत हॉलटेक आणि १९८७ साली मेलबर्नमध्ये मोटेक या कंपन्या निघाल्या. गाडीच्या मालकास किंवा त्याच्या तंत्रज्ञास स्वतः नकाशा भरता येईल असे स्वतंत्र संगणक त्यांनी विकावयास आणले. या यंत्रांनी शर्यतीत नाव कमावले, पण ती हौशी माणसाच्या खिशास परवडणारी नव्हती. १९९० च्या दशकात काही हौशी अभियंत्यांनी मोटोरोलाच्या ३२ बिटांच्या ६८३३२ या चिपवर असा संगणक परस्परसाहाय्याने घडविण्याचा उद्योग आरंभिला. चिप उत्तम होती, परंतु योजना इतकी गुंतागुंतीची झाली की फारच थोड्यांना ती तडीस नेता आली. त्यातूनच धडा घेऊन ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो या दोन अमेरिकन अभियंत्यांनी २००१ साली ‘मेगास्क्वर्ट’ पुढे आणला. त्याचा मेंदू अवघा ८ बिटांचा, पेट्रोलाचा तक्ता ८ ओळी आणि ८ रकान्यांचा, म्हणजे ६४ आकड्यांचा. ठिणगीचे काम मूळ आवृत्तीत तो करीतच नसे. सुटे भाग घ्यावयाचे आणि घरी डाख देऊन जोडावयाचे. जाणकारांना तो बाळबोध वाटला असेल. पण तो चालला, हजारो लोकांनी जोडला, आणि त्यात ठिणगीचा कारभार घालण्याचे कामही पुढे वापरणाऱ्यांपैकीच काहींनी केले. त्यानंतरच्या पिढीत इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो पाटीवर चालणारा ‘स्पीडुइनो’ आला. त्याचा तर सारा मजकूर कोणासही वाचण्यास आणि बदलण्यास मोकळा आहे, आणि त्याचा तक्ता १६ गुणिले १६, म्हणजे २५६ आकड्यांचा आहे.

आता निवडीचा विचार. पहिली गोष्ट, मोठा तक्ता म्हणजे चांगला संगणक नव्हे. ६४ आकडे विचारपूर्वक भरले तर एंजिन गोड चालते. २५६ अंदाजाने भरले तर तितकीच अधिक ठिकाणे चुकण्यास मिळतात. संगणकाची खरी परीक्षा त्याला दिसते काय, यात आहे. ६००० फेऱ्यांच्या वेगात भुजादंड सेकंदास १०० वेळा फिरतो, म्हणजे एक अंशाचा कोन तो सेकंदाच्या ३६ हजाराव्या भागात ओलांडतो. ठिणगी एका अंशाच्या आत पाडावयाची तर दंडाची जागा तितक्याच सूक्ष्मतेने कळली पाहिजे. त्यासाठी दंडावर दाते असलेले चाक असते. बॉशच्या चाकात ६० दात्यांपैकी २ मुद्दाम गाळलेले असतात, फोर्डच्या चाकात ३६ पैकी १. त्या मोकळ्या जागेवरून संगणक आपली खूण ओळखतो. आपल्या एंजिनाचे चाक कोणते, आणि घेऊ तो संगणक ते वाचतो काय, हा खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न. याचे उत्तर ‘नाही’ आले तर त्या पेटीचे इतर सर्व गुण व्यर्थ होत.

दुसरा प्रश्न भार मोजण्याचा, आणि येथे १९६७ ची ती फोक्सवागेन पुन्हा भेटते. कारखान्यांनी १९७० च्या दशकापासून आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजण्याकडे मोहरा वळविला, कारण एंजिन झिजले तरी ते माप खरे राहते. स्वतंत्र संगणक बहुधा जुन्याच, दाब मोजण्याच्या रीतीवर चालतात. तीत हवेच्या वाटेत काही अडथळा राहत नाही, आणि टर्बोचा दाबही मोजता येतो. मात्र संवेदक त्या दाबास पुरणारा हवा. वातावरणाइतक्याच दाबापर्यंत वाचणारा संवेदक टर्बोच्या गाडीवर ठेवला, तर ज्या क्षणी धोका सुरू होतो त्याच क्षणी संगणक आंधळा होतो. उलट शर्यतीचा तीव्र कॅमशाफ्ट बसविलेल्या एंजिनात मंद चालीवर दाब इतका थरथरतो की त्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी हवेची झडप किती उघडली आहे, यावरून भार धरावा लागतो. दोन्ही रीती एकत्र वापरू देणारा संगणक असल्या एंजिनास उपकारक ठरतो.

पिचकाऱ्यांचे गणितही आधी करून ठेवावे. ६००० फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची पाळी दर २० सहस्रांश सेकंदांनी येते. ७५०० वर ती १६ वर येते. तेवढ्या अवधीत पिचकारी जवळजवळ सतत उघडीच ठेवावी लागत असेल, तर कोणताही संगणक अधिक पेट्रोल देऊ शकणार नाही, कारण दोष त्याचा नव्हे.

या साऱ्याचे मोल एंजिन जाते तेव्हा कळते. पूर्ण जोर लावताना एंजिनास १४.७ चे प्रमाण मानवत नाही. साध्या एंजिनास १२.५ ते १३ च्या आसपास आणि टर्बोच्या एंजिनास त्याहूनही दाट मिश्रण लागते. वाढीव पेट्रोल तेथे उष्णता शोषण्याचेही काम करते. ते विरळ राहिले आणि ठिणगीही फार आधी पडली, तर मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच स्फोटासारखे जळते, कानी ठोके येऊ लागतात, आणि भर वेगात तसेच चालू राहिले तर ॲल्युमिनियमचा दट्ट्या फुटतो किंवा वितळतो. म्हणून प्रमाण आकड्यांत सांगणारा रुंद पल्ल्याचा प्राणवायू-संवेदक, ठोके ऐकणारा संवेदक, आणि तेलाचा दाब पडताच एंजिन आवरणारी सोय या गोष्टींवर खर्च करावा. झगझगीत पडद्यावर करू नये. सर्व मापांची नोंद साठविणारा संगणक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नोंद नसली की गॅरेजमध्ये प्रत्येकजण आपापले तर्क लढवीत बसतो. सरकारी दप्तरात हा अनुभव नवा नाही.

आणि या सर्वांहून आधी एक चौकशी करावी : आपल्या गावात, किंवा गाडी नेता येईल इतक्या अंतरावर, हा नकाशा भरणारा जाणता माणूस कोण, आणि तो कोणत्या संगणकावर काम करतो? त्याच्या हातास सरावलेला मध्यम संगणक हा कोणासच न येणाऱ्या उत्तम संगणकापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. स्वतः शिकण्याची हौस आणि सवड असेल त्याने मात्र मोकळी, घरी जोडण्याची यंत्रे अवश्य घ्यावीत. त्यांच्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

नव्या गाडीच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. बॉशने १९८६ साली मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीने गाडीतील निरनिराळे संगणक तारांच्या एकाच जोडीवरून परस्परांशी बोलतात. एंजिनाचा संगणक काढून टाकला, की ब्रेक, वेगमापक आणि चोरीस प्रतिबंध करणारी कळ हे सारेच गोंधळतात. अशा गाडीत मूळ संगणकातीलच मजकूर बदलणे, किंवा त्याच मॉडेलसाठी बनविलेला आणि ती भाषा बोलणारा संगणक घेणे, हेच शहाणपणाचे.

शर्यतींच्या जगात, गंमत अशी, की ही निवडच काही ठिकाणी संपुष्टात आली. चाके घसरू न देणारी गुप्त योजना कोण वापरतो, हे शोधून काढणे अशक्यप्राय झाल्यावर फॉर्म्युला वनने २००८ साली सर्वांना एकच संगणक सक्तीचा केला. अमेरिकेतील नॅस्कारच्या मुख्य मालिकेत तर २०११ पर्यंत कार्ब्युरेटरच चालू होता. २०१२ मध्ये पिचकाऱ्या आल्या, त्या अशाच एकसारख्या संगणकासह.

रस्त्यावरील गाडीचा कायदा निराळा. भारतात २००० साली धुराची युरो-१ च्या तोडीची मानके देशभर आली, त्यानंतरच्या काही वर्षांत नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम काटेकोरपणे लावले. अमेरिकेतही धुराची यंत्रणा बिघडविणे हा गुन्हाच आहे. कॅलिफोर्नियात अशा भागांना मंडळाची लेखी सूट लागते. ज्या धुरासाठी संगणक मोटारीत आला, त्याच्याशी त्याचा संबंध अद्याप सुटलेला नाही. तेव्हा स्वतंत्र संगणकाची गाडी कोईमतूरजवळच्या करी येथील, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील किंवा अशाच बंदिस्त धावपट्टीवर न्यावी, आणि न्यावी तीही दुसऱ्या गाडीवर लादून.

पहिल्यांदा एंजिन सुरू कराल तेव्हा पडद्यावर ठिणगीचा आकडा दिसेल, उदाहरणार्थ १० अंश. तो अंतिम मानू नये. संगणकात ठिणगी त्याच आकड्यावर स्थिर करून, डिस्ट्रिब्यूटरच्या काळातला लुकलुकणारा टायमिंगचा दिवा भुजादंडाच्या पुलीवर धरावा आणि खूण खरोखर १० अंशांवर दिसते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. ती दोन-चार अंशांनी सरकलेली आढळली, तर चाकाचा कोन संगणकात दुरुस्त करून घ्यावा, आणि मगच नकाशातील पहिल्या रकान्यास हात घालावा.